मारण्याचा अधिकार राज्याला, रोखण्याचा दिल्लीला

शिरूर तालुक्यातले मांडवगण फराटा भीमेच्या काठी आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही तीरांवर ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. २०२४ मध्ये या गावाच्या परिसरात बिबट्याने एका बालकाचा बळी घेतला. पुढच्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत पाच वर्षांची मुलगी, एक वृद्धा आणि तेरा वर्षांचा मुलगा असे तीन जीव गेले. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, वनखात्याची गाडी पेटवली, नेमबाज बोलावून एक बिबट्या ठार करण्यात आला. त्यानंतर राज्य सरकारने केंद्राकडे मागणी केली, की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची-१ मधून बिबट्याला काढून अनुसूची-२ मध्ये टाकावे. या मागणीवरून प्राणिप्रेमी एका बाजूला आणि शेतकरी दुसऱ्या बाजूला असा सामना रंगला, आणि दोन्ही बाजू बिबट्याबद्दलच बोलत राहिल्या. मला हा प्रश्न बिबट्याहून अधिक राज्यव्यवस्थेचा वाटतो. एखादे काम कोणत्या सरकारचे आणि ते करायला लागणारी साधने त्या सरकारच्या हाती आहेत का, हे दोन प्रश्न आपण एकत्र विचारत नाही. बिबट्याच्या बाबतीत कायद्याने शेवटचा, सर्वांत कठोर उपाय राज्याच्या हाती दिला आणि त्याआधी करायचे उपाय दिल्लीत ठेवले. अनुसूची बदलल्याने ही गाठ सुटणार नाही.

ही विभागणी कशी झाली ते आधी पाहू. घटनाकारांनी सातव्या परिशिष्टात तीन सूची केल्या, तेव्हा वने आणि वन्यप्राणी-पक्ष्यांचे संरक्षण हे दोन्ही विषय राज्यसूचीत होते. तत्कालीन मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदाही केला होता. १९७२ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा करायचे ठरवले, तेव्हा तसा अधिकारच तिला नव्हता. म्हणून अनुच्छेद २५२ ची वाट धरली गेली. अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले आणि त्यांच्या आधारावर कायदा आला. त्या अकरांत महाराष्ट्र नव्हता. आपण तो नंतर स्वीकारला. या वाटेत एक मेख आहे. राज्याने असा कायदा एकदा स्वीकारला की त्यात बदल फक्त संसद करू शकते. चार वर्षांनी, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी हे विषय शिक्षणाबरोबर समवर्ती सूचीत नेले. आणीबाणीतले कितीतरी बदल जनता पक्षाच्या राजवटीत पुसले गेले, हा मात्र टिकला. तो टिकला यामागे कारण होते. राज्ये जंगलांकडे महसुलाचे खाते म्हणून पाहत होती, कातड्यांचा व्यापार राज्यांच्या सीमा जुमानत नव्हता, आणि १९७३ मध्ये मेळघाटासह नऊ ठिकाणी सुरू झालेला व्याघ्रप्रकल्प केंद्राच्या पाठबळाशिवाय उभाच राहिला नसता. तेव्हाचे केंद्रीकरण चूक होते असे मी म्हणणार नाही. पण ते मेळघाटासारख्या जागा डोळ्यांसमोर ठेवून झाले होते, जिथे जंगलाला हद्द आहे, माणसे विरळ आहेत आणि मुख्य शत्रू चोरटा शिकारी आहे. शिरूरच्या पूर्व भागात यातले काही नाही. इथे जंगल नाही आणि वस्ती दाट आहे. बिबट्याची पिल्ले उसाच्या फडात जन्मतात, ऊसतोड कामगारांना सापडतात आणि वनखाते त्यांची आईशी पुन्हा गाठ घालून देते.

आता कायद्याची कलमे पाहावी लागतील, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. कलम ११ नुसार अनुसूची-१ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्याच्या शिकारीचा आदेश काढू शकतो. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसल्याची खात्री झाली तर ठार मारण्याचाही. हा अधिकारी राज्य सरकार नेमते. म्हणजे नरभक्षक बिबट्याला गोळी घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही. मात्र याच कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे मारणेच नव्हे. सापळा लावणे आणि पकडणे हीसुद्धा शिकारच. त्यामुळे उसाच्या बांधावर पिंजरा लावणे हे कायद्याच्या दृष्टीने शिकारीचे कृत्य ठरते. कलम ५ सांगते, की मुख्य वन्यजीव रक्षक आपले इतर अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना देऊ शकेल, पण अनुसूची-१ मधल्या प्राण्याच्या शिकारीचा अधिकार देऊ शकणार नाही. आपल्या राज्यात हा अधिकारी नागपुरात बसतो आणि बिबट्या शिरूरच्या उसात. दुसरीकडे कलम १२ आहे. शास्त्रीय व्यवस्थापन, म्हणजे प्राण्यांना योग्य अधिवासात हलवणे किंवा न मारता त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, यासाठीचा परवाना त्यात येतो. अनुसूची-१ मधल्या प्राण्याबाबत असा परवाना देण्याआधी केंद्राची संमती घ्यावी लागते. जुन्नर वनविभागात माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग करायचा म्हटल्यावर राज्याला केंद्राचे दार ठोठावावे लागले ते यामुळेच. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात मावेनासे झाले आणि दुसऱ्या राज्यातल्या प्राणिसंग्रहालयात पाठवायचे ठरले, तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी हवी. माणूस मेल्यानंतर काय करायचे ते राज्य ठरवू शकते. माणूस मरू नये म्हणून काय करायचे ते ठरवताना त्याला विचारावे लागते.

राज्याची मागणी मान्य झाली तर काय होईल? बिबट्या अनुसूची-२ मध्ये गेला की मुख्य वन्यजीव रक्षकाखेरीज प्राधिकृत अधिकारीही आदेश काढू शकेल. तेवढा फायदा खरा आहे. पण त्याबरोबर मालमत्तेला धोका हेही शिकारीच्या परवानगीचे कारण बनेल. शेळीमेंढी ही मालमत्ताच आहे, आणि या भागात मेंढपाळांचे वाडे व गोठे यांची संख्या पाहता बिबट्या मारण्याच्या अर्जांचा ढीग लागेल. एखाद्या प्राण्याला ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित करून त्याचे संरक्षण काढून घेण्याची तरतूद कलम ६२ मध्ये आहे, ती वापरण्याचा अधिकार अनुसूची-२ बाबतही केंद्राचाच. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड असे घोषित झाले ते केंद्राच्या अधिसूचनेने. केरळ रानडुकरासाठी तीच मागणी वर्षानुवर्षे करत राहिला आणि ती मान्य झाली नाही. म्हणजे अनुसूची-२ मध्ये गेल्यावर मारणे थोडे सोपे होईल, अवलंबित्व मात्र फारसे कमी होणार नाही.

अधिकार एकीकडे आणि खर्च दुसरीकडे, ही या विभागणीची दुसरी खोट. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्र सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. केंद्रपुरस्कृत वन्यजीव योजनेतली मृत्यूसाठीची रक्कम डिसेंबर २०२३ मध्ये ५ लाखांवरून १० लाख झाली. देशाचा वारसा म्हणून ज्या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण द्यायचे, त्या संरक्षणाची किंमत मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून आणि उसाच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबांकडून वसूल होते. केरळने मार्च २०२४ मध्ये मानव-वन्यजीव संघर्ष ही राज्यविशिष्ट आपत्ती म्हणून घोषित केली, आणि महाराष्ट्रानेही २०२५ च्या अखेरीस तोच मार्ग धरला. अशा घोषणेने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा वापरता येतो, पण त्यातून पूर आणि दुष्काळाच्या पैशालाच कात्री लागते. माहितीचीही तीच तऱ्हा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. ही गणना व्याघ्रगणनेच्या चौकटीत, मुख्यतः वाघांचा वावर असलेल्या वनक्षेत्रांत केलेली आहे. भीमा आणि घोड नद्यांकाठचा ऊस तिच्या कक्षेबाहेर राहतो. दुसरीकडे, शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतीत कॅमेरे लावून अभ्यास केला, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास बिबटे आढळले. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. धोरण ज्या आकड्यावर बेतले जाते, त्यात हल्ले होतात ती जागाच नसेल तर दिल्लीतल्या अधिकाऱ्याला शिरूरची निकड पटणार कशी?

बिबट्या उसात आला तो कोणाच्या धोरणामुळे, हेही विचारायला हवे. चासकमान, कुकडी आणि घोडचे पाणी राज्याच्या कालव्यांनी आणले. उसाचा किमान दर केंद्र ठरवते, आणि दुसऱ्या कोणत्याही पिकाला अशी खात्री नसल्याने शेतकरी उसाकडे वळला. उकिरड्यांवर पोसलेली मोकाट कुत्री हे बिबट्याचे हुकमी खाद्य आहे. त्यांच्याबाबतचे नियम केंद्राचे आणि अंमलबजावणी स्थानिक संस्थांची. वीज समवर्ती सूचीत असली तरी शेतीपंपाचे वेळापत्रक राज्याची वितरण कंपनी ठरवते, आणि थ्री फेज लाइट रात्री येणार असेल तर शेतकऱ्याला रात्रीच दारं धरायला जावे लागते. दिवसा वीज देण्यासाठी वन्यजीव कायद्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही. राज्याला आजच करता येण्यासारखे जे आहे, त्यात याइतके परिणामकारक दुसरे काही नसावे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप जुन्नरच्याच इतिहासात आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००१ नंतरच्या काळात जुन्नर परिसरात बिबटे सरसकट पकडून लांबच्या जंगलांत सोडण्यात आले. लोकांचा दबाव होता, राजकारण्यांची घाई होती, आणि पिंजऱ्यात बिबट्या दिसला की काहीतरी केल्याचे समाधान सगळ्यांना मिळत होते. परिणाम उलटा झाला. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या शोधनिबंधानुसार त्या मोहिमेनंतर हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले आणि त्यांतले जीवघेणे ठरण्याचे प्रमाण दुपटीच्या घरात पोचले. ओळखीच्या प्रदेशातून उचललेला बिबट्या अनोळखी मुलखात भेदरतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा सरसकट स्थलांतराला आवर घालायला सांगितले. आक्षेप घेणारा म्हणेल, पाहा, राज्याच्या हाती सोडले तर हेच होते. जमावाच्या आरोळ्या मुंबईला जितक्या ऐकू येतात तितक्या दिल्लीला येत नाहीत, आणि तेच बरे आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. पण त्या चुकीचा शोध कुठे लागला ते पाहा. तो जुन्नरच्या नोंदींतून, तिथल्या वनखात्याबरोबर काम करणाऱ्या संशोधकांना लागला, आणि मग त्याचा देशभरासाठी नियम झाला. राज्याच्या चुकीला मर्यादा घालणारी किमान चौकट केंद्राने आखावी याला माझा पाठिंबाच आहे. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र मंजुरी दिल्लीने द्यावी, हे त्यातून निघत नाही. मर्यादा आखणे आणि परवाने वाटणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले दुरून चांगले होते, दुसऱ्याला जागेवरच हजर असावे लागते.

अशी विभागणी प्रत्यक्षात चालते का, हे अमेरिकेतल्या करड्या लांडग्याच्या उदाहरणातून दिसते. तिथे वन्यप्राणी मुळात राज्यांच्या अखत्यारीत. एखादी प्रजाती नष्ट होण्याच्या मार्गावर आली तर १९७३ च्या संघीय कायद्याने केंद्र तिचा ताबा घेते. लांडग्यांची संख्या सावरल्यावर २०११ मध्ये आयडाहो आणि मोंटाना या राज्यांना त्यांचे व्यवस्थापन परत मिळाले, ते अटींवर. प्रत्येक राज्यात किमान शंभर लांडगे आणि दहा प्रजननक्षम जोड्या राहिल्याच पाहिजेत, मोजणी जाहीर झाली पाहिजे, आणि संख्या खाली गेली तर केंद्र पुन्हा हस्तक्षेप करेल. २०२१ मध्ये दोन्ही राज्यांनी शिकारीचे नियम बरेच सैल केले, तेव्हा संघीय खात्याने फेरआढावा सुरू केला. त्यावरचे वाद न्यायालयांत गेले, म्हणजे तिथेही सगळे गुण्यागोविंदाने चालले आहे असे नाही. पण जबाबदारी कोणाची, याबद्दल तिथल्या मतदाराला संभ्रम नसतो. भारतात अशा सशर्त सोपवणुकीला घटनेत आधीच जागा आहे. अनुच्छेद २५८ नुसार केंद्र आपले एखादे कार्य राज्याच्या संमतीने राज्याकडे देऊ शकते. कलम ५ आणि १२ मध्ये नेमकी दुरुस्ती करणे हा त्याहून सरळ मार्ग. बिबट्या अनुसूची-१ मध्येच राहावा. ज्या राज्याची व्यवस्थापन योजना केंद्राने मंजूर केली आहे, तिथे पकडणे, हलवणे आणि नसबंदी यांसाठी प्रत्येक वेळी पूर्वसंमती लागू नये. पिंजऱ्याचा आदेश देण्याचा अधिकार उपवनसंरक्षकापर्यंत खाली यावा. ठार मारण्याचा अधिकार मात्र आज आहे तिथेच, मुख्य वन्यजीव रक्षकाकडे राहावा. योजनेत किमान संख्या, दरवर्षीची गणना आणि पकडलेल्या प्रत्येक बिबट्याचे पुढे काय झाले याची जाहीर नोंद असावी. ती चुकली तर सोपवलेला अधिकार परत जावा. आणि केंद्राने नुकसानभरपाईचा निम्मा भार तरी उचलावा.

केरळने ऑक्टोबर २०२५ मध्ये विधानसभेत स्वतःचे दुरुस्ती विधेयक मंजूर करून दुसरी वाट धरली. विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्रीय कायद्याशी विसंगत असा राज्याचा कायदा अनुच्छेद २५४ नुसार राष्ट्रपतींच्या संमतीने त्या राज्यात लागू होऊ शकतो. ही वाट घटनात्मक आहे, पण ती राज्यागणिक वेगळा कायदा निर्माण करते, आणि संमती अखेर केंद्राच्याच मर्जीवर ठरते. बिबट्याला अनुसूची-१ मधून काढण्यावर एक आंतरराष्ट्रीय आक्षेपही घेतला जातो: बिबट्याच्या कातड्या-नखांच्या व्यापाराला बंदी घालणाऱ्या कराराशी भारत १९७६ पासून बांधलेला आहे आणि व्यापाराचा पाठलाग राज्यांच्या पोलिसांच्या आवाक्यातला नाही. व्यापार रोखण्याचा अधिकार केंद्राकडेच राहिला पाहिजे, यात दुमत नको. मात्र शिरूरमध्ये कोणी कातड्याचा व्यापार करायला परवानगी मागत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा दुसरा आक्षेप राज्याच्या हेतूबद्दल आहे, आणि तो मला अधिक बोचतो. कलम ११ चा अधिकार हाती असताना ‘आमचे हात कायद्याने बांधले आहेत’ असे राज्यातले नेते म्हणतात, तेव्हा ते अर्धेच खरे बोलतात. समवर्ती सूचीची ही राजकीय सोय आहे: श्रेय दोघांनी घ्यावे, दोष एकमेकांकडे ढकलावा. ज्या गोष्टींना दिल्ली लागत नाही त्यांचे काय? भीमेच्या अलीकडचा शिरूर जुन्नर वनविभागात आणि पलीकडचा दौंड पुणे वनविभागात येतो. बिबट्या रात्रीत नदी ओलांडतो, पण पिंजरे, पथके आणि नोंदी दोन कार्यालयांत विभागलेल्या. ही हद्द राज्य सरकारनेच आखलेली आहे. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा आदेश देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली नेला. वन्यप्राण्यांबाबतचे निर्णय ग्रामसभेच्या पातळीवर जावेत असे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ वर्षानुवर्षे मांडत आले होते. ग्रामसभेच्या हाती बिबट्याचा जीव द्यावा असे मला वाटत नाही. घटनेनंतरच्या रागाच्या बैठकीत असा निर्णय होऊ नये. पण कुत्र्यांचा बंदोबस्त, गोठ्यांना जाळी, शाळेच्या वाटेवरचे दिवे आणि कोणत्या वस्तीवर रात्रीची गस्त आधी हवी, हे ठरवण्याचा अधिकार आणि त्यासाठीचा पैसा गावाकडे द्यायला राज्याला कोणी अडवलेले नाही. दिल्लीकडून अधिकार मागणारे मुंबई-नागपूर तेच अधिकार खाली द्यायला तयार नसेल, तर दिल्लीनेही त्या मागणीकडे संशयाने पाहिले तर नवल नाही.

हे सगळे मांडायला व्यासपीठे कागदावर आहेत. समवर्ती सूचीतल्या विषयावर कायदा करण्यापूर्वी केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करावा, असे सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात म्हटले. आंतरराज्य परिषद १९९० मध्ये स्थापन झाली आणि तिची शेवटची बैठक जुलै २०१६ मध्ये झाली. पंतप्रधान अध्यक्ष असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळावर दहा राज्यांना आळीपाळीने जागा मिळते. त्या मंडळाची पूर्ण बैठक मार्च २०२५ मध्ये सासणगीरला झाली, ती एका तपाहून अधिक काळाच्या खंडानंतर. महाराष्ट्राने अनुसूची बदलण्याचे पत्र पाठवण्याऐवजी कलम ५ आणि १२ च्या दुरुस्तीचा मसुदा आणि ऊसपट्ट्यातली वनविभागनिहाय गणना घेऊन पुढच्या बैठकीत जावे. केरळ, कर्नाटक, गुजरात यांचेही असेच प्रश्न आहेत आणि मसुद्यावर त्यांच्या सह्या मिळवणे अवघड नसावे. गणना न करता, मंत्र्यांच्या भाषणांतले आकडे घेऊन तो मसुदा पुढे केला आणि केंद्राने तो परत पाठवला, तर तो नकार चुकीचा होता असे म्हणणे मला तरी जड जाईल.